झिपरू नानाची टिटवी

झिपरू नानाला आमच्या गावात वर्षातून एकदाच माणसात धरत, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी. एरवी पन्नास वर्षं त्याने गावाची गुरं राखली. सकाळी सोडायची, संध्याकाळी आणून बांधायची, यापलीकडे त्याच्याशी कोणाचं बोलणं नसे. पारावर बसायचा तोही खालच्या पायरीवर. पण आखाजी झाली की त्याला हात धरून वर बसवत, चहा देत आणि विचारत, "नाना, टिटवी काय म्हनस?"

टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस दांडगा, खोलगटात घातली तर कोरडं साल, आणि जितकी अंडी तितके महिने पाणी, असं आमच्याकडे मानतात. मी या गावात मास्तर म्हणून आलो तेव्हा मला हे थोतांड वाटलं. आजही वाटतं. पण नानाला टिटवीबद्दल जे ठाऊक होतं ते थोतांड नव्हतं.

एका सुट्टीत सातपुड्याच्या पायथ्याच्या माळावर त्याने मला ते सांगितलं. तो गुरांमागे आणि मी त्याच्यामागे. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या माळावर चार खडे बाजूला सारते आणि तिथेच अंडी घालते, ती खड्यांसारखीच दिसतात. गाय अंगावर आली तर ही जागची हलत नाही, पंख पसरून तिच्या तोंडासमोर उभी राहते आणि गायच वळते. कुत्रं आलं तर पंख मोडल्यासारखी लंगडत त्याला लांब घेऊन जाते. कावळ्याच्या डोक्यावर नर-मादी मिळून झडप घालतात. आणि माणूस दिसला की लांबूनच गुपचूप उठते, भलतीकडे जाऊन ओरडते, म्हणजे अंडी तिकडेच आहेत असं आपल्याला वाटावं. माणूस नजरेआड झाल्याशिवाय ती परत येत नाही.

"गायले भ्यास नही ती, आपलेच भ्यास," नाना म्हणाला.

तो स्वतः गुरांच्या घोळक्यातून चालायचा, म्हणून त्याला पाहून ती उठत नसे. याचा त्याला केवढा अभिमान! नक्की जागा मात्र त्याने मलाही सांगितली नाही. कोणालाच कधी सांगत नसे. पारावर यायचा, किती आणि कुठे उंचावर एवढं सांगायचा, की संपलं.

गेल्या वर्षी तो म्हणाला, "चार शेत. टेकडावर शेत. पानी बरं शे." चार अंडी, तीही टेकाडावर, म्हणजे चार महिने चांगलं पाणी; लोक खूश झाले. पण योगराजला तेवढ्यावर राहवेना. योगराजचं बियाण्यांचं दुकान आहे आणि तो फोनवर शेतीचे व्हिडिओ टाकतो, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज. तो हसत म्हणाला, "अंडा दखात कोनी, नाना? घर बठीसन सांगस का तू?"

पारावरचे बाकीचेही हसले. मीही हसलो.

वर्षातून एक दिवस मिळणारा मान आणि त्यातही हे. नानाचं तोंड उतरलं. त्याने गप्प बसायला हवं होतं, पण इतकी वर्षं गप्पच बसलेला माणूस तो. उठला आणि म्हणाला, "चाल मंग, दखाडस."

पंधरा-वीस जण निघालो. मी सगळ्यांत पुढे होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. टेकडावर नानाने बोट दाखवलं तरी आम्हाला आधी काही दिसेना. मग चार ठिपक्याठिपक्यांची अंडी दिसली आणि एकच गलका झाला. योगराजने व्हिडिओ काढला. टिटवी लांब उभी राहून घसा फोडत होती.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पाहून चोपड्याहून मोटारसायकली आल्या. गावातल्या लताबाईंनी बायका जमवून पूजा मांडली. हळदकुंकू, तांदूळ, नारळ. खोबऱ्याचे तुकडे अंड्यांभोवती मांडले. ज्या पक्ष्याच्या अंड्यांना कावळ्याची भीती, त्याच्या अंड्यांपाशी कावळ्यांना पंगत घालणारी भक्ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. कावळे आलेच. टिटव्या माणसांची भीती सोडून त्यांच्यावर तुटून पडल्या, कावळे पळाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कावळ्यांशी त्या लढल्या. आमच्याशी कशा लढणार? पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, बिनसावलीचा माळ आणि अंड्यांभोवती माणसांचं कडं. नानाने मला बाजूला ओढून दाखवलं. मादी तलावावर जाई, पोट पाण्यात भिजवून येई, अंड्यांवर बसून ती गार करावीत म्हणून. पण आम्ही हटत नव्हतो. ती थोड्या अंतरावर उभी राही, पोटाचं पाणी तिथेच वाळून जाई, आणि ती पुन्हा तलावाकडे जाई. दुपारभर हे चाललं होतं.

"मांगे व्हा रे भो!" नाना हात जोडून ओरडत होता. "ऊन मारी ऱ्हायनं त्या अंडासले!"

"नाना, तुनी टिटवी आते गावनी व्हयनी," योगराज म्हणाला. सगळे हसले. हे तीन दिवस चाललं. मग लग्नाच्या तिथी आल्या आणि लोक माळ विसरले.

टिटवी परत येऊन बसली. गावाला वाटलं, सगळं ठीक झालं. नाना मात्र दिवस मोजत होता. अठ्ठावीस दिवसांत, फार तर तिसाव्या दिवशी पिल्लं निघतात. पस्तीस झाले. छत्तिसाव्या दिवशी सकाळी तो माझ्या घरी आला आणि मला माळावर घेऊन गेला.

"मरेल शेत बठ्ठा, गुरुजी," तो म्हणाला. "तिले समजत नही. हाई शेत तोवर ती दुसरा घालनार नही. दिन चालनात." अंडी सगळी मेली होती, आणि ती उचलल्याशिवाय टिटवी नवी घालणार नव्हती.

तो गुरांशिवाय, सरळ तिच्याकडे चालत गेला. या वेळी ती गुपचूप सटकली नाही, वर गेली आणि त्याच्या डोक्यावर आदळली. टोपी पडली. नर-मादी दोघांनी मिळून त्याला टोचून काढलं, त्याने हात वर केला नाही. चारही अंडी त्याने धोतराच्या सोग्यात घेतली. एक हातातच फुटलं, आणि त्या वासाने मला तोंड फिरवावं लागलं. नाल्याकाठी खड्डा करून त्याने ती पुरली आणि तिथेच बसून रडला. मोठ्याने, लहान पोरासारखा. "मीच दखाडं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

आठ-दहा दिवसांनी रस्त्यात गाठून त्याने माझ्या कानात सांगितलं, "तीन घाल्यात." कुठे ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याचा चेहरा फुलला होता.

पण छत्तिसाव्या दिवशीच्या त्या सकाळी गावातला चुडामण हरवलेली शेळी शोधत नाल्याकाठी होता. नानाने अंडी पुरल्याचं त्याने पाहिलं होतं. जून सरत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता, आणि गावाला दोष द्यायला कोणीतरी हवंच होतं. नानाला पारावर बोलावलं. वर कोणी बसवलं नाही.

"गावना पाऊस फोडी टाका यानी," योगराज म्हणाला.

"मरेल व्हतात त्या," नाना म्हणाला. "तिनी पुन्हा घाल्यात."

"कोठे? दखाड."

सगळे उठायच्या तयारीतच बसले होते. बोट दाखवलं असतं तर तो त्या क्षणी सुटला असता. नानाने एकदा माळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "माले मालूम नही."

मग ठरलं की उद्यापासून नानाने गुरं सोडायची नाहीत. पन्नास वर्षांचं काम दोन मिनिटांत गेलं. कोणीतरी म्हणालं, गुरुजी शिकलेले आहेत, त्यांनाही विचारा. नानाने माझ्याकडे पाहिलं. मेलेल्या अंड्यांचा वास मी घेतला होता, त्याचं रडणं मी ऐकलं होतं. आणि मला या गावात अजून चार वर्षं काढायची होती.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "नाना, असं करायला नको होतं."