मुद्दाम ढिले ठेवलेले दोन बोल्ट

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण छोट्या लाइनवरचा, म्हणजे नॅरोगेजवरचा तो अपघात अजून डोळ्यांपुढे आहे. मी तेव्हा ग्वाल्हेरला रेल्वे पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. छोटी गाडी बंद व्हायला थोडीच वर्षं उरली होती. एका सकाळी यार्डात, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या सांध्यावरून इंजिन नीट गेलं, मागचा डबा मात्र रुळावरून उतरला. पायदानावरची एक भाजीवाली खाली पडली. तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी निनावी फोन आला. "काँटेवाला पिऊन ड्यूटीवर होता."

काँटेवाला म्हणजे सांधे बदलणारा. हा पूर्वी दक्षिणेतून इकडे आलेल्या मराठी शिपाई घराण्यातला, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. गडबडीत त्याची दारूची तपासणी राहूनच गेली होती. वरून अटकेचा तगादा सुरू झाला. खात्री झाल्याशिवाय अटक करायची नाही, असं मी ठरवलं.

चार तास त्याला उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा दर वेळी आपली गोष्ट थोडी सुधारतो. याचं उत्तर बदलेना.

"दांडा टाकला, वाकून बघितलं, जीभ रुळाला चिकटली होती. नंतर परत सरकली, साहेब."

"लोखंड आपोआप सरकतं?"

"टाच आवळलेली असेल तर सरकतं. आप चलो तो सही, दाखवतो."

अपघातानंतर सांधा आम्ही जसाच्या तसा ठेवला होता. पंच घेऊन गेलो. त्यानं पाना हातात घेऊन समजावलं. सरकणारा निमुळता रूळ म्हणजे जीभ. तिचं टोक इकडून तिकडे जातं, मागची टाच जागीच फिरते, दाराच्या बिजागरीसारखी. या जुन्या सांध्यांत टाच लोखंडी पट्ट्यांनी पुढच्या रुळाला जोडलेली असते आणि जिभेकडचे दोन बोल्ट मुद्दाम जरा ढिले ठेवतात. ते आवळले की टाच फिरत नाही. जीभ जबरदस्तीनं वाकते आणि हादरा बसला की मागे येते, मग मागून येणारं चाक उतरतं.

मी खाली बसून पाहिलं. बाकीचे नट गंजलेले होते, त्या दोन नटांवर पान्याचे ताजे ओरखडे. भरलेली ट्रॉली चालवली तर टोक बोटभर सुटलं. बोल्ट ढिले करून पुन्हा चालवली. टोक हललं नाही. पंचनामा तिथंच लिहिला.

तो निनावी फोन टोपी बाजारातल्या एका दुकानदाराच्या मोबाइलवरून आला होता. दुकानदार निघाला रुळांची देखभाल करणाऱ्या सुपरवायझरचा मेहुणा. सुपरवायझरला बोलावलं.

"बोल्ट कुणी कसले?"

"मीच कसवले, साहेब. इन्स्पेक्शन होतं, ढिले दिसले."

"आणि फोन?"

"घाबरलो होतो. नोकरी जाईल असं वाटलं."

माणूस वाईट नव्हता. पण दुसऱ्याला तुरुंगात पाठवायला निघाला होता. पुढे दोषारोपपत्रात त्याचं नाव गेलं.

काँटेवाल्याला त्याचा दोष नसल्याचं सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता हा रडेल. तो म्हणाला, "बोल्टांचं लिहून कळवा ना. पुढच्या स्टेशनांवर भी यही काँटे हैं."

मी त्याच दिवशी रेल्वेच्या अधिकाऱ्यांना पत्र पाठवलं. आठवड्याभरात आणखी दोन ठिकाणी कसलेले बोल्ट सापडले.

तेव्हापासून कुणालाही जबाब विचारण्याआधी मी त्याचं काम समजावून घेत असे. चेहरे वाचता येतात, हा आमचा पोलिसांचा मोठा गर्व. त्या काँटेवाल्याच्या चेहऱ्यावर मला काहीच वाचता आलं नव्हतं. तो यार्डात पाना हातात घेऊन बोलू लागला, तेव्हाच मला तो कळला.