मनोहरच्या मागे लपलेलं माझं टेबल

अंबाडी नाक्यावर एसटीची वाट बघत होते, तेव्हा गोदामाच्या शेठचा फोन आला. "सुजाता, आपला मनोहर गेला गं... झोपेतच." मी तिथल्याच एका दुकानाच्या पायरीवर बसले. रडू आलं, आणि त्या रडण्यातही हेवा होता. माझ्यासाठी शेठचा आवाज असा कधीच कापला नसता.

भिवंडीच्या त्या गोदामात आम्ही एकाच आठवड्यात लागलो. दिघाशीचा मनोहर आणि मी, दोघंही कॉम्प्युटरवर. डेटाबेसमध्ये प्रत्येकाची आपली स्कीमा, म्हणजे एकाच घरातली वेगळी खोली. टेबलांची, म्हणजे नोंदींच्या तक्त्यांची, यादी काढताना कुठल्या खोल्यांत बघायचं आणि आधी कुठल्या, हे सर्च पाथ ठरवतो. दोन खोल्यांत एकाच नावाचं टेबल असलं, तर पहिल्या खोलीतलं दिसतं. दुसरं यादीत येतच नाही. मनोहरचं 'माल' नावाचं टेबल होतं. त्यातला गुंता काढून मी माझ्या स्कीमात नवं 'माल' केलं, त्याच्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत. यादी काढली तर 'माल' एकच, त्याचं! मी ओरडलेच, "माझं टेबल कुठे गेलं?"

तो चहा फुंकत हसला. "गेलं कुठं न्हाय, हाय तिथंच हाय. माझी खोली पहिली लागते ना, म्हणून तुझं दिसत न्हाय."

"मग माझी पहिली लाव की!"

"लावू गं, घाई काय हाय..."

पुढे असणाऱ्याला कसली आलीय घाई? हमाल, ट्रकवाले, सगळे "मनोहरभाऊ" करत आत यायचे आणि माझ्यावरून नजर फिरवून त्याच्याकडे जायचे. बरं, मी आजारी पडले की माझं कामही तोच उपसायचा, त्यामुळे धड भांडताही येत नसे. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार जड जातं.

तेरावं झाल्यावर त्याचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच सकाळी मी सर्च पाथ बदलला. आधी माझी स्कीमा, मग त्याची. यादी काढली... जवळजवळ तश्शीच! 'माल' एकदाच. आता ते माझं होतं, शेजारी स्कीमाचं नावही माझं, पण ते बघतंय कोण?

शेठनी मालाचा रिपोर्ट उघडला. "वा! झटकन आलं बघ. मनोहरनी काय पक्कं करून ठेवलंय!"

"शेठ, ते माझं आहे."

"हो गं, आता सगळं तुझंच की," म्हणत त्यांनी डोळे पुसले.

त्याची खुर्ची आता माझी आहे. मागच्या खिळ्याला त्याचा टॉवेल अजून लटकतोय. आत येणारा प्रत्येकजण आधी त्या टॉवेलकडे बघतो, मग माझ्याकडे. जळफळाट होतो... पण तो काढायला हात काही जात नाही.