मायक्रोआरएनएच्या रिपोर्टची वाट

सई, ओजस,

“गाठ कॅन्सरची आहे,” डॉक्टर म्हणाल्या आणि मी पर्समधून पेन काढलं. डाव्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली होती. बायोप्सीचा, म्हणजे सुईने तुकडा काढून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट समोर होता. मी तारीख लिहिली, आजाराच्या नावाचं स्पेलिंग विचारलं. पुढचं काही ऐकू आलं नाही. ते तुमच्या आबांनी ऐकलं.

तुमच्यापैकी कुणावर किंवा तुमच्या ओळखीत कुणावर ही वेळ आली, तर मी केली ती चूक करू नका, म्हणून लिहिते.

ऑपरेशनच्या आधी एक तरुण डॉक्टर मुलगी आली. तिला मायक्रोआरएनएच्या अभ्यासासाठी माझं रक्त आणि गाठीचा तुकडा हवा होता. “मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतले अगदी छोटे रेणू. कुठल्या जनुकाचं काम किती चालू द्यायचं, यावर त्यांचा ताबा असतो. कॅन्सरमध्ये काही वाढतात, काही घटतात. ते मोजणं म्हणजे एक्स्प्रेशन बघणं.”

आबांचा जन्म चाकणच्या कंपनीत गेला. ते म्हणाले, “म्हणजे ड्रॉइंग आहे, मशीन आहे, पण लाइनवरचा सुपरवायझर जॉब थांबवायचं विसरलाय?”

“काका, बरंचसं तसंच,” ती हसली.

इंग्रजी फॉर्मच्या सहाही पानांवर मी सह्या केल्या. घरी येऊन आबांना ठामपणे सांगितलं, “यावरून केमो लागणार की नाही ते कळेल.” केमोथेरपी, म्हणजे शिरेतून द्यायचं कॅन्सरच्या पेशी मारणारं औषध. ती टळली तरच ओजसच्या पदवीदानाला येता येणार होतं.

ऑपरेशन झालं. मग नुसतं थांबणं. मी हॉल ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते गॅलरी अशी फिरत होते. खालून कंपनीच्या बस जायच्या. पहिली शिफ्ट गेली, दुसरी गेली, फोन नाही.

“अगं, फरशी झिजेल. बस जरा,” आबा म्हणायचे.

नवव्या दिवशी त्या मुलीचा फोन आला. “नमुन्यातल्या पेशी फुटल्यात. परत रक्त द्यायला याल का?” मी ऐकलं ते एवढंच, की कॅन्सर फुटून पसरलाय.

रिक्षा पिंपरीच्या बाजारात अडकली, तर मी उतरून चालायला लागले. आबा मागून हाका मारत होते. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्या मुलीला गाठलं. “किती पसरलंय ते सांग.”

ती गोंधळली. “काकू, नळीतल्या रक्ताच्या लाल पेशी फुटल्या. त्याने आमचं मोजमाप चुकतं. तुमच्या आजाराशी त्याचा संबंध नाही.”

“मग केमोचं कधी कळणार?”

“या तपासणीतून? नाही कळणार. हे अजून संशोधन आहे. तुमचा वेगळा रिपोर्ट येणार नाही. फॉर्मवर लिहिलंय.”

मी फाइल उघडली. तिसरं पान. वाक्य साधं, सरळ. त्याखाली माझी सही.

आबांनी चष्मा लावून पाहिलं. “जन्मभर शाळेत पोरांना सांगितलंस, आधी प्रश्न नीट वाचा. आता बाईंना किती मार्क?”

मी चिडले, मग हसले, मग तिथल्याच बाकावर बसून रडले. इंग्रजी मला येत होतं. मी फक्त मला हवं तेच वाचलं होतं.

त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांना सरळ विचारलं, “केमो लागणार का?”

“लागणार. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाचा रिपोर्ट आजच आलाय. काखेतल्या दोन लिम्फ नोड्समध्ये, म्हणजे लसिका ग्रंथींमध्ये, कॅन्सरच्या पेशी सापडल्या.”

उत्तर वाईट होतं. पण निदान माझ्या प्रश्नाचं होतं. जाताना त्या मुलीपुढे उजवा हात धरला आणि परत रक्त दिलं. ते कधीतरी दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल, हे आता मला समजलं होतं.

ओजस, मी येऊ शकत नाही. फोटो पाठव. अजूनही एका जागी बसवत नाही मला.

केमोच्या संमतीचा फॉर्म आला, तेव्हा मी तो आबांच्या हातात दिला आणि मोठ्याने वाचायला लावला. ते इंग्रजी अडखळत वाचतात. म्हणून मला प्रत्येक शब्द ऐकू आला. मग सही केली.