बारसं न झालेली माझी मुलगी

"छाती साफ आहे, रक्तातही काही नाही," वर्ध्याच्या इस्पितळातले डॉक्टर ह्यांना म्हणाले. "हा मेलँकोलिया आहे. म्हणजे दुःखानं मनच आजारी पडलंय."

बावन्न-त्रेपन्न सालची गोष्ट. क्षय निघाला असता तर बरं, असं मला वाटलं. निदान चारचौघांत सांगता आलं असतं.

माझी पहिली मुलगी बारशाआधीच गेली होती. मग माझी भूक गेली, झोप गेली. आर्वीच्या आमच्या गल्लीत घरटी एक वैद्य. कुणी काढा पाजला, कुणी दृष्ट काढली. माणसं मायेची होती, पण माया करायची पद्धत अजब. मला त्रास नको म्हणून पाळणा माळ्यावर टाकला, शेजारच्या बारशाचं बोलावणंही दिलं नाही. मला वाटलं, मी अपशकुनी झाले. मुलीचा विषय निघाला की सगळे गप्प. तिच्यामागे आपणही जावं, असं मनात येई. ते मी डॉक्टरांनी विचारल्यावर पहिल्यांदा बोलले.

त्यांनी झोपेचं औषध दिलं आणि ह्यांना बजावलं, "एकटं सोडू नका. रडल्या तर थांबवू नका."

ह्यांनी रोहण्याहून मोठ्या नणंदबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी उपदेश केला नाही. रोज माझ्याजवळ गहू निवडत बसायच्या. एका दुपारी सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "मी आत्या होती तिची. तिच्या कानात नाव सांगाचा मान माहा होता. तू कोणतं ठरवलं होतं वं? सांग मले."

"यमुना," मी म्हटलं.

त्यांनी ते नाव हळूच उच्चारलं आणि मला जवळ घेतलं. मी हंबरडा फोडला. सासूबाई समजूत घालायला धावल्या, तर नणंदबाई म्हणाल्या, "रडू दे तिले, आई."

त्या दिवशी मी पोटभर जेवले. पुढेही वाईट दिवस आले, औषध बरेच महिने चाललं, पण मी सावरले.

तुमच्या घरात कुणी असं मिटून गेलं, तर 'विसर आता' म्हणू नका. जवळ बसा. गेलेल्या माणसाबद्दल विचारा, जीव नकोसा झालाय का तेही विचारा, आणि डॉक्टरांकडे न्या.

मला पुढे दोन मुलगे झाले. मध्यंतरी रोहण्याला कुणीतरी नणंदबाईंना विचारलं, भावाला मुलं किती? "तीन," त्या म्हणाल्या. "थोरली यमुना." मी शेजारीच बसले होते. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.