तरंग धरणारे आबाकाका

चालता चालता इतकं बोलणारा माणूस मी आबाकाकांच्या आधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "चालताना बोलता येतंय तोवर चाला. वाक्य तुटलं की बसा." बोलायला कोणीतरी सोबत हवं, म्हणून काकांनी मला धरलं. बारावी देऊन मी मुंबईहून गावी आले होते आणि कोणाशीच फारशी बोलत नसे.

"इंग्रजी शाळेत तोंड शिवतत काय गो?" ते विचारत. "बरा आसा. तू बोललंस तर माझी पाळी कधी येतली?"

सुरुवातीला ते शेजाऱ्यांच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशीच थांबत. पावसाळा संपेपर्यंत देवळाची अर्धी चढण बोलत चढू लागले. वाक्यं आखूड झाली की मी आपणहून वाटेकडेच्या दगडी गडग्यावर बसे.

"दमलंस?" ते खूश होऊन विचारत.

हे सगळं दसऱ्यासाठी चाललं होतं. देवाचा तरंग, म्हणजे साड्या नेसवलेला उंच खांब, दसऱ्याला आमच्या घराने धरायचा. काकांना मुलगा नव्हता, माझे वडील मुंबईत. काकांनी एक वर्ष चुकवलं असतं तर मान दुसऱ्या घराकडे गेला असता. डॉक्टर म्हणाले, "चाला, पण ती काठी उचलू नका."

"काठी न्हय ती," काका म्हणाले. "देव आसा."

त्यांनी तरंग धरला. देवळाभोवतीच्या पहिल्या फेरीत ते देवाला घालायचं गाऱ्हाणं पुटपुटत होते. दुसऱ्या फेरीत पुटपुटणं थांबलं. मान डुलू लागली, खांदे वरखाली होऊ लागले.

"अवसर इलो!" कोणीतरी ओरडलं. देव अंगात आला असं समजून सगळ्यांनी हात जोडले. ढोल वाढला. एक बाई मुलासाठी नारळ घेऊन पुढे झाली. "देवा म्हाराजा, झिलाक नोकरी लागतली काय?"

काकांचे ओठ निळे पडले होते.

"त्यांना श्वास लागलाय," मी म्हणाले. "त्यांना बसवा." माझा आवाज इतका मोठा आला की ढोल थांबला. दुसऱ्या घरातल्या एकाने तरंग घ्यायला हात पुढे केला. काकांची बोटं सोडवावी लागली.

काका वाचले. मान गेला. घरी मला कोणी दोष दिला नाही. मी दोन वेळा जेवत होते, भांडी पुसत होते.

मुंबईला निघताना नमस्कार करायला गेले, तेव्हा ते उशांना टेकून बसले होते.

"गो, त्या दिवशी देवच इललो. तुका दिसाक नाय."

मी त्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली.

"इललो ना?"

"हो, काका."

त्यांनी मान हलवली. मी पिशवी उचलली. पुढल्या दसऱ्यापर्यंत ते राहिले नाहीत.