परत जाण्याची तारीख

पुणं पहिल्यांदा सोडलं तेव्हा माझे सगळे फॉर्म बाबांनी भरले होते. हडपसरच्या आमच्या दोन खोल्यांत चटईवर बसून, आधी रद्दी कागदावर पेन्सिलीने आणि मग खऱ्या फॉर्मवर निळ्या शाईने. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. "सुमे, रकाना रिकामा सोडायचा नसतो," ते म्हणायचे. "माहीत नसेल तर विचारून लिहावं, लागू नसेल तर तसं लिहावं. रिकामा दिसला की साहेबाला वाटतं, काहीतरी लपवतायत." मला रशियन भाषा शिकायला मॉस्कोची शिष्यवृत्ती मिळाली होती. परत येण्याच्या तारखेच्या रकान्यात बाबांनी दोन वर्षांनंतरचा जून लिहिला, चांगला ठळक. गाडीतळावर आई पदराने डोळे पुसत होती आणि बाबा बॅगेचं कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघत होते. टॅक्सी सुटताना खिडकीशी वाकून म्हणाले, "घाबरायचं नाही. मोठा देश आहे तो." त्या जूनला मी काही आले नाही. दोन वर्षांची चोवीस झाली, आणि अखेर आले ती पळून.

'पळून' हा शब्द इथे कुणाला आवडत नाही. 'परत आले' म्हण, असं माझी बहीण सुचवते. अगं, परत येणारा माणूस सामान आवरतो, चार लोकांना जेवायला बोलावून निरोप घेतो. मी सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन दोन बॅगांनिशी आले, नवऱ्याला सासूपाशी ठेवून आले, आणि शेजाऱ्यांना सांगितलं की वडील आजारी आहेत. वडील ठणठणीत होते. हे मी लिहितेय ते पुण्यात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे जे कुठल्याशा मोठ्या देशात गेले आणि त्याच्या मोठेपणावर विसंबून राहिले, त्यांच्यासाठीही.

बाबांचा त्या देशावर इतका जीव का, ते समजायला फार खोलात जायला नको. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला आणि मुलांना एकच सांगितलं, शिका. शिकायला पुस्तकं लागतात आणि पुस्तकांना पैसे लागतात. त्या काळात मॉस्कोत छापलेली, गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची मराठी पुस्तकं अगदी चहाच्या किमतीत मिळायची. आमच्या वस्तीतल्या पोराला मराठीतून अवकाशयानाची गोष्ट सांगावी असं ज्या देशाला वाटलं, तो देश बाबांच्या लेखी चुकणं शक्यच नव्हतं. पुढे तो देश फुटला, त्याची शकलं झाली. बाबांच्या मनातला मात्र शाबूत राहिला.

मी तिथे दुभाषी झाले. सर्गेई नावाच्या इंजिनिअरशी लग्न केलं, मुलगा झाला, आनंद. सासू त्याला आंद्र्यूशा म्हणते. जन्मानंतर वर्षभरात आपल्या वकिलातीत नोंद केली असती तर तो भारताचा नागरिक झाला असता, पण मग तिथला पासपोर्ट सोडावा लागला असता. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, मोठ्या देशाचा पासपोर्ट मिळतोय तो राहू दे. आपला काय, कधीही मिळेल." मलाही तसंच वाटत होतं, म्हणून तर त्यांना विचारलं. वर्ष उलटून गेलं. त्या फोनची चीड मला अजून येते, आणि ती कुणावर काढावी हे अजून कळत नाही.

युद्ध सुरू झालं तेव्हा सर्गेई म्हणाला, दोन आठवड्यांत संपेल. मग म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत. मग नाताळपर्यंत. मग त्याने सांगणंच सोडलं. शेजारच्या देशावर रणगाडे घालून वर त्याला 'युद्ध' म्हणायचं नाही, 'विशेष कारवाई' म्हणायचं, असा नियम झाला. दुभाष्याच्या कामात हा नियम म्हणजे रोजची डोकेदुखी. समोरचा पुण्याचा माणूस सरळ विचारायचा, "युद्धामुळे माल अडकेल का हो?" आणि मी रशियनमध्ये 'सध्याच्या परिस्थितीमुळे' म्हणायचे. इतकं जपून मी सासूशीसुद्धा कधी बोलले नव्हते.

माझं काम व्यापारी शिष्टमंडळांचं. पूर्वी मार्केट यार्डातले कांद्याद्राक्षांचे निर्यातदार यायचे आणि एखाद्या उपसंचालकाच्या दाराबाहेर दोन-दोन तास ताटकळायचे. मेजवानीत आजूबाजूच्या देशांचे पाहुणे, जे एकेकाळी त्याच मोठ्या देशात होते, पेला उंचावून रशियनमध्ये गोड गोड बोलायचे. युद्धाच्या तिसऱ्या वर्षी अशाच एका मेजवानीत कझाकस्तानचा एक पाहुणा उठला. मॉस्कोतच शिकलेला, आदल्या दिवशी माझ्याशी अस्खलित रशियन बोललेला. पेला हातात घेऊन तो पाच मिनिटं आपल्या भाषेत बोलला. यजमानांकडे त्या भाषेचा दुभाषी नव्हता, कारण तो लागेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. सगळे आपापल्या ताटात बघत बसले आणि तो खाली बसल्यावर टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात एक उपसंचालक हॉटेलच्या लॉबीत फाइल मांडीवर घेऊन थांबला होता आणि आमचे मार्केट यार्डाचे पोपटशेठ वर खोलीत लवंडले होते. मी बोलवायला गेले. "ताई, त्यांना म्हणावं, लई दमलोय, पाय सुजल्यात. उद्या बोलू," शेठ म्हणाले. "आता घाई त्यांना हाय, आपल्याला न्हाई." मी खाली येऊन ते होईल तितकं गुळमुळीत करून सांगितलं. उपसंचालक 'काही हरकत नाही' म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी वेळेआधी हजर झाला. खरं सांगायचं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाईट वाटलं. बाबांचा तो मोठा देश लॉबीत बसलेला मला बघवेना.

घरात वेगळीच तऱ्हा. रोज जिंकतोय असं सांगणाऱ्या देशात रोज नवा माणूस तुरुंगात का जातो, हे विचारायची सोय नव्हती. आज एखादा सेनापती, उद्या मंत्र्याचा हाताखालचा. एका शनिवारी तर त्यांचेच भाडोत्री सैनिक बंदुका घेऊन राजधानीकडे निघाले आणि संध्याकाळी अर्ध्या वाटेतून परत फिरले. दिवसभर आम्ही खिडकीशी. दुसऱ्या दिवशी इमारतीत त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही, सगळे लिफ्टमध्ये हवामानावर बोलत होते. मध्येच मोबाइलचं इंटरनेट बंद व्हायचं, मध्येच विमानतळ. ज्याला धडा शिकवायला निघाले तो पाय रोवून उभा, आणि बाकीचे शेजारी एकेक करून खुर्ची लांब सरकवतायत. सासूला हे दिसत नव्हतं असं नाही. "आपल्याला काय कळतंय त्यातलं," म्हणून ती बटाटे सोलायला घ्यायची.

आनंदला सतरावं लागलं आणि सैन्याच्या नोंदणीचं पत्र आलं. तिथे मुलगा अठराचा झाला की बोलावणं येऊ शकतं. मी बाबांना फोन केला, आधार वाटेल म्हणून. बाबा म्हणाले, "वर्षभर गेला तर काय बिघडतं? पोराला शिस्त लागेल. मोठ्या देशाचं सैन्य आहे." मी फोन आपटला. तीन आठवडे उचलला नाही.

मग शाळेत पालकांची सभा झाली. आनंदच्या वर्गात पुढे एक नवीन बाक ठेवला होता. त्यावर त्याच शाळेतून चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दीमाचा, गणवेशातला मोठा फोटो चिकटवलेला, खाली जन्माची आणि मृत्यूची तारीख. आनंद लहानपणी त्याच्याबरोबर अंगणात फुटबॉल खेळायचा. या बाकावर बसण्याचा मान वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाला मिळेल, असं बाईंनी सांगितलं आणि आनंदचं नाव घेतलं. आनंद जाऊन बसला. कोपर कुठे टेकावं ते त्याला कळेना, कारण टेकलं की ते दीमाच्या तोंडावर यायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी आल्यावर आधी हात धुतले आणि मग तिकिटं बघायला बसले.

सर्गेई विमानतळावर आला. त्याची आई घर सोडायला तयार नाही, आणि तिला सोडून तो येणार नाही. याच स्वभावाच्या माणसाशी मी लग्न केलं होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करू? सासूने लोणच्याच्या काकडीची बरणी दिली होती, ती तपासणीत काढून घेतली. सर्गेई म्हणाला, "लवकर भेटू." या वेळी त्याने तारीख सांगितली नाही.

आणि आता पुणं. इथे मला रशिया समजावून सांगायला कोण नाही? बाबांचे ऑफिसातले जुने मित्र, शनिवार पेठेतले कानिटकर, दर रविवारी येतात. मी सांगायला लागले की हात वर करतात. "सुमनताई, तुम्ही आत होतात म्हणून तुम्हाला कळत नाही. आम्हाला इथून नीट दिसतं." शनिवार पेठेतून! मी म्हटलं, "अहो काका, तुमच्या खिडकीतून समोरचं दुकान तरी दिसतं का?" तर म्हणाले, "ते बघण्यासारखं नाही." विहारातल्या अभ्यासवर्गात बाबा अजून जुनंच सांगायचे: त्यांनी आपल्याला मदत केली, आपण विसरू नये. मीही विसरलेले नाही हो. पण उपकार केलेला माणूस शेजाऱ्याच्या घरात घुसला, तर उपकारापोटी कडी आपण धरायची का? हे बोलले की बाबा पेपर उघडायचे आणि तोंडासमोर धरायचे.

आनंदला अठरा पूर्ण झाली. तो इथे परदेशी नागरिक. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं त्या कायमच्या कार्डाचा अर्ज केलाय, त्याला लागेल तेवढा वेळ लागेल, तोवर व्हिसा वाढवून घ्यायचा. मागच्या रविवारी वंदना आटोपून बाबा विहारातून आले आणि म्हणाले, "आण तो व्हिसाचा फॉर्म. मी भरतो." मी म्हटलं, बाबा, आता सगळं संगणकावर असतं. "आधी कच्चा," ते म्हणाले आणि चटई अंथरली. रद्दी कागदावर त्यांनी स्वतः पट्टीने रकाने आखले. नाव, वडिलांचं नाव, पासपोर्ट क्रमांक. अक्षर अजून तेच. शाळेचे दाखले पाहताना त्यांतून एक फोटो खाली पडला. शाळेने मानाने दिलेला, आनंद त्या बाकावर बसलेला.

"हा बाकावर चिकटवलेला कोण?" बाबांनी विचारलं.

"दीमा," आनंद म्हणाला. त्याचं मराठी अजून तुकड्यातुकड्यांचं आहे. "माझा मित्र. आजोबा, तो मेला. तिकडे, युद्धात. मी हुशार, म्हणून मी तिथे बसलो."

"हुशार म्हणून?"

"हो. बक्षीस."

बाबांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. त्यांच्या लहानपणी शाळेत बाकावर बसायला मिळणं हीच केवढी गोष्ट होती, हे त्यांनी आम्हाला शंभरदा ऐकवलंय. फोटो दाखल्यांखाली पालथा ठेवला आणि पेन्सिल उचलली. पत्ता लिहिला, माझं नाव लिहिलं, नातं लिहिलं. 'भारतातून परत जाण्याची तारीख' या रकान्याशी पेन्सिल थांबली, मग पुढच्या रकान्यावर गेली.

"बाबा, एक रकाना राहिला."

"दिसतोय मला."

"संगणक रिकामा घेत नाही."

"मग तू घाल काय घालायचं ते. माझ्या हाताने होणार नाही," ते म्हणाले. चष्मा काढून पुसत बसले. "तुझा लिहिला तो जून चुकला. पासपोर्टाचं सांगितलं तेही चुकलं, सुमे. आता तिसरी चूक नको."

मला रडू आलं आणि रागही आला. हे वाक्य ऐकायला मला चोवीस वर्षं, एक युद्ध आणि एका मुलाचा फोटो लागला. आधी बोलला असतात तर, असं ओठांवर आलं होतं. पण आनंद आजोबांकडे बघत होता, म्हणून गिळलं.

संगणकात मी एक तारीख घातली, कारण घालावीच लागते. बाबांचा कागद मात्र माझ्या कपाटात आहे. घर कुठे, असं कुणी विचारलं की पूर्वी मी अडखळायचे. आता तो कागद आठवतो. आमच्याकडे सगळे रकाने भरणारा माणूस आहे, आणि त्याने एक रिकामा सोडलाय, तेच माझं घर. अर्धंच म्हणा. उरलेलं अर्धं तिकडे स्वयंपाकघरात बटाटे सोलतंय आणि इंटरनेट कधी येतं याची वाट बघतंय.

काल सकाळी बाबांनी आणखी एक रद्दी कागद घेतला आणि पट्टीने रेघा मारायला लागले. मी विचारलं, आता हा कुणाचा?

"तुझ्या सासूबाईंचं पूर्ण नाव सांग," ते म्हणाले. "त्यांच्यापासून सुरुवात करू. त्या निघाल्या तरच जावई निघणार."