ळ नंतरचा आवाज

लातूर जिल्हा नवाच झाला होता. आमच्या शाळेच्या पाटीवरचं उस्मानाबाद खोडून तिथं लातूर लिहिलं होतं, तरी ऊन पडलं की जुनी अक्षरं खालून वर यायची. मी मुरुडजवळच्या एका गावात पहिलीला शिकवत होते. दुष्काळ होता. टँकरचा भोंगा ऐकला की मला शाळेचा रांजण भरून घ्यायला बाहेर जावं लागे.

त्या वर्षी जिल्हा कार्यालयाचा निरोप आला, पहिलीच्या वाचनाचं साहित्य आलंय, येऊन निवडून न्या. एका शाळेला एकच संच. कार्यालय भाड्याच्या गोदामात होतं. भिंतींना अजून तुरीचा वास होता.

चित्रांचे तक्ते मी बाजूला ठेवले. चित्र बघून मुलं 'ब बदकाचा' म्हणत, पण चित्र झाकलं की ब ओळखू येत नसे. बदक तर आमच्याकडं कुणी पाहिलंही नव्हतं. लाकडी अक्षरं देखणी होती, पण त्यातली निम्मी हरवलेली. उरली पुठ्ठ्याची अक्षरकार्डं आणि त्यांच्याबरोबरची कॅसेट. त्यात क-ख-ग ओळीनं नव्हतं. आधी म, र, क, ल असे सुटे आवाज, मग ते जोडून शब्द. कारकुनानं थोडी वाजवून दाखवली. एका बाईंचा शांत, घाई नसलेला आवाज होता. 'क… म… ल. कमल.' मी तोच संच घेतला.

सरपंचांच्या घरून टेपरेकॉर्डर आणला. पहिल्या दिवशी मुलं त्याच्या मागं जाऊन बघून आली. एकीनं विचारलं, "बाई, ह्या बाई कुठं बसून बोलायल्यात?" पण महिन्याभरात मुलं पाटीवरचे शब्द आवाज जोडून वाचायला लागली. मला निवड बरोबर ठरल्यासारखं वाटलं.

कॅसेटमध्ये ळ शेवटी होता. तो झाला की मी बटण बंद करी. एकदा रांजण भरून मी परत आले तेव्हा टेप चालूच होता. मुलांनी ळ म्हटला. मग सगळी गप्प झाली. मग सगळी एकदम बारीक खोकली, आणि हळू आवाजात एका सुरात म्हणाली, "आले रे बाळा, आले."

त्यांच्या आवाजात टेपचं काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, खोड्या करतायत. रागावले. तर पुढं बसलेली मुलगी म्हणाली, "टेपात हाय बाई. तुमी पान्याला जाता तवा येतंय."

मुलांना घरी पाठवून मी एकटीनं ती जागा लावली. ळ, मग नुसती खरखर, मग तान्ह्या लेकराचा ओला खोकला. आणि त्याच बाईंचा आवाज.

त्या दिवसापासून टेप नसला तरी ळ चं कार्ड दाखवलं की मुलं खोकायची. कार्ड दाखवायचं मला नको वाटू लागलं. कारकुनाकडं चौकशी केली तेव्हा कळलं, कॅसेटमधल्या बाई लोह्याला शिक्षिका आहेत. रविवारी टेप घेऊन मी लोह्याला गेले.

बाई माझ्याच वयाच्या होत्या. पाणी अर्धा पेलाच देता आलं म्हणून ओशाळल्या. त्यांचे यजमान खाटेवर बसले होते. मी येण्याचं कारण सांगितलं आणि टेप लावला. 'आले रे बाळा' आलं तसे यजमान उठून अंगणात गेले.

"तुमचं बाळ का?" मी विचारलं.

"व्हय. पण ह्या टेपाच्या आधीच गेलं ते, ताई. छातीत कफ झाला होता. कामात मन घाला म्हणाले सगळे, म्हणून मी हे अंगावर घेतलं. दार लावून एकटीच बोलत होते."

"शेजारचं कुणी लेकरू असेल."

"शेजार तवा बंद होता. माणसं जगायला पुण्याकडं गेलेली."

"मग आले म्हणालात ते?"

"मला आठवत न्हाई. आवाज माझाच हाय." कॅसेट बाहेर काढत त्या म्हणाल्या, "खोकलाबी त्याचाच हाय. ही मी ठेवू का?"

मुलांसाठी दुसरी बोलून देते म्हणाल्या. मी बाजारातून कोरी कॅसेट आणली. त्या बोलत गेल्या, मी शेजारी बसले. ळ म्हणून झाल्यावर त्यांनी टेप बंद केला नाही. आढ्याला पाळण्याची कडी होती, तिच्याकडं बघत राहिल्या. कॅसेट संपून बटण आपोआप वर आलं.

"न्हाई आला," त्या म्हणाल्या.

मुलं पुढं त्याच नव्या कॅसेटवर वाचायला शिकली, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सगळी.

त्या रविवारी संध्याकाळी यजमान मला स्टँडवर सोडायला आले. बस दिसली तेव्हा म्हणाले, "ती म्हणती खोकला त्याचाच. मला तर खोकला ऐकूच आला न्हाई. नुसतं तिचं आले-आले ऐकू आलं. तुमाला आला का?"

"आला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि माझी पिशवी खिडकीतून माझ्या हातात दिली.